फुफ्फुसावरणाचा क्षय : पाणी तपासूनही निदान होत नाही तेव्हा

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पदरांचे आवरण असते. क्षयाचा संसर्ग तेथवर पोहोचला की पदरांमध्ये द्रव साठतो. यालाच बोलीत ‘छातीत पाणी होणे’ म्हणतात. हे पाणी सुईने काढून तपासणे सोपे. परंतु ते मुख्यतः जंतूंविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेमुळे साठत असल्याने त्यात प्रत्यक्ष जंतू फार थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दहांपैकी एखाद्याच रुग्णात सापडतात, बहुधा तेवढ्यातही नाहीत. पाण्यातील ‘एडीए’ची पातळी लिटरमागे ४० युनिटांहून अधिक असेल तर क्षयाचा संशय बळावतो आणि आपल्याकडे अनेकदा त्यावरच उपचार सुरू होतात. मात्र छातीत पू झाल्यास किंवा लिम्फोमातही एडीए वाढते. शिवाय जंतू औषधांना दाद देतील की नाही, हे ती सांगत नाही.

अशा वेळी आवरणाचाच तुकडा तपासावा लागतो. १९५८ साली अब्रॅम्स आणि कोप यांनी आपापल्या सुयांचे वर्णन प्रसिद्ध केले. अब्रॅम्स सुईच्या टोकाशी खाच असते. तीत आवरण अडकवून आतील धारदार नळीने ते कापले जाते. जागा बधिर करून, बरगडीच्या वरच्या कडेलगत सुई घालतात, कारण खालच्या कडेखालून रक्तवाहिन्या व नस जातात. क्षयाच्या गाठी आवरणावर बऱ्याच सर्वदूर पसरलेल्या असल्याने आत न पाहता घेतलेले तुकडेही सहसा उपयोगी पडतात. कर्करोग ठिकठिकाणी असतो. तेथे हीच सुई वारंवार चुकते. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने नेम सुधारतो. थोरॅकोस्कोपीत दुर्बिणीतून आवरण पाहून तुकडे घेता येत असल्याने क्षयाचे निदान क्वचितच निसटते. छातीत हवा शिरणे, रक्तस्राव, वेदना हे धोके आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगणे आवश्यक.

तुकडे किमान चार ते सहा घेतात आणि ते दोन बाटल्यांत विभागले जाणे महत्त्वाचे. फॉर्मेलिनमधील तुकड्यांत क्षयाच्या गाठी दिसतात, पण त्यातील जंतू मरतात. म्हणून काही तुकडे सलाइनमध्ये ठेवून कल्चर व जनुकीय चाचणीसाठी पाठवावे लागतात. सगळेच तुकडे फॉर्मेलिनमध्ये गेले, तर जंतू वाढवून त्यांवर औषधे तपासण्याची संधी हातची जाते. नातेवाइकांनी ‘कल्चरसाठी वेगळा तुकडा ठेवला ना?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये.