परक्या शिष्याची परीक्षा



विद्या कोणास द्यावी, हा प्रश्न आपल्या पुराणांइतकाच जुना आहे. देवांच्या पक्षाचा कच असुरगुरु शुक्राचार्यांच्या दारीं शिष्य म्हणून उभा राहिला, तेव्हां त्यापायीं आचार्यांवर काय प्रसंग ओढवला, तें आपणांस ठाऊकच आहे. तशाच एका शिष्याची, पण विसाव्या शतकांतील व चीन देशांतील, हकीगत आज सांगावयाची आहे.

चिनी लोक आपल्या मल्लविद्येचे 'बाह्य' व 'आंतर' असे दोन भेद मानितात. १६६९ सालीं ह्वांग त्सुंग-शी या पंडितानें एका मल्लाच्या समाधिलेखांत हा भेद नमूद केला. आंतर शाखेंत स्नायूंच्या बळापेक्षां शरीराची ठेवण, श्वास व मनाचें अवधान यांस महत्त्व असतें. ही विद्या बहुधा घराण्यांत जपली जाई. होनान प्रांतीं चेन घराण्याच्या गांवीं यांग लू-चान (१७९९–१८७२) हा परगांवचा तरुण ती शिकला. तो भिंतीआडून चोरून पाहून शिकला, अशी दंतकथा आहे. कथा खरी नसेलही. पण बाहेरच्या माणसास विद्या मिळणें किती दुर्घट वाटे, हें तिजवरून दिसतें.

परगांवच्याची ही गत, तर शत्रुराष्ट्राच्या माणसाची काय? १९३७ सालीं जपानी सैन्यानें पेकिंग घेतलें. तेथील थोर आचार्य वांग श्यांग-चाय (१८८५–१९६३) यांजकडे केनिची सावाई हा जपानी गृहस्थ गेला. ज्युदो व तरवारीचे हात यांत तो मुरलेला होता. त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे कीं, धरावयास जावें तों आचार्य सहज फेंकून देत, आणि दर वेळीं छातीवर, हृदयाच्या जागीं, हलकेंच बोट टेकवीत. तेवढ्यानेंही कळ उठे. पुढें शस्त्र घेऊन पाहिलें, तर आचार्यांच्या साध्या काठीपुढें तेंही निष्फळ ठरलें.

शिष्यत्व मिळालें; पण या विद्येचा पहिला पाठ काय? नुसतें उभें राहणें! झाडास कवटाळल्याप्रमाणें हात वर्तुळाकार धरून निश्चल उभें राहावयाचें. पाहणारास हा आळस वाटेल. परंतु थोड्याच वेळांत खांदे चढूं लागतात, श्वास कोंडतो, मांड्या थरथरतात. आणि आपण विनाकारण किती ताठ असतों, हें कळूं लागतें. तो ताठा सोडावयाचा, पण अंग ढांसळूं द्यावयाचें नाहीं. जन्मभर बळावर विसंबलेल्या पुरुषास हें किती कठीण गेलें असेल!

जपान्यांनीं टोकियोच्या समारंभास बोलाविलें असतां आचार्यांनीं नकार दिला, असें त्यांच्या शिष्यपरंपरेंत सांगतात. तेंच खरें धरलें, तर त्यांनीं सत्तेस नकार दिला व माणसास विद्या दिली, असें म्हणावें लागतें. सावाई मायदेशीं परतले, आणि १९४७ सालीं त्यांनीं 'ताइकिकेन' ही शाखा स्थापिली. टोकियोंतील मेइजी मंदिराच्या वनराईंत ते शिष्यांना शिकवीत. १९८८ सालीं ते वारले.

याच सुमारास, १९४८ ते १९५१ या काळांत, सोफिया डेल्झा ही अमेरिकन नर्तकी शांघाय येथें मा युए-ल्यांग यांजपाशीं ताय-ची शिकली, व १९५४ सालीं तिनें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत ती विद्या करून दाखविली. २०२० सालीं तर युनेस्कोनें ताय-चीची मानवजातीच्या वारशांत गणना केली.

कचानें विद्या नेली ती आपल्या पक्षाच्या विजयासाठीं. सावाई यांनीं नेली ती मात्र शेवटपर्यंत आपल्या चिनी गुरूचें नांव घेऊनच शिकविली. परक्या शिष्याची खरी परीक्षा गुरूच्या दारीं होते, त्याहून अधिक ती घरीं परतल्यावर होते.