नावाने विचारणे : रुग्णशोधातील स्वयंसेवेचा इतिहास

‘स्वयंसेवा’ या मराठी शब्दाने प्रस्तुत विषयात आरंभीच थोडा घोटाळा होतो. रुग्णालयाच्या चौकशीच्या टेबलाशी विनावेतन बसणाऱ्या स्त्रीला आपण स्वयंसेविका म्हणतो. आणि तिच्या जागी जे स्पर्शपटलाचे यंत्र उभे राहते, ज्यावर भेटीस आलेला मनुष्य स्वतःच रुग्णाचे नाव टंकून मजला व खाटेचा क्रमांक मिळवितो, त्या व्यवस्थेलाही स्वयंसेवाच म्हणतो. पहिल्या अर्थी दुसऱ्याचे काम आपखुषीने करणे, दुसऱ्या अर्थी दुसरा कोणी करीत नाही म्हणून आपले आपण करणे. येथे दुसऱ्या अर्थाचा इतिहास पाहावयाचा आहे. परंतु पहिली जाऊन दुसरी आली तेव्हा भाषाव्यवहारातून नेमके काय गळले, हाच त्यातील महत्त्वाचा प्रश्न होय.

दुसऱ्या अर्थाची स्वयंसेवा मूळची वाण्याच्या दुकानातील. अमेरिकेतील मेम्फिस शहरी क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ६ सप्टेंबर १९१६ रोजी ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले. तोवर गिऱ्हाइकाने जिन्नस सांगावे व नोकराने फडताळातून काढून द्यावे, अशी रीत होती. सॉन्डर्सने फडताळेच गिऱ्हाइकासाठी मोकळी केली. २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनमधील एन्फील्ड येथे बार्कलेज बँकेने पैसे देणारे यंत्र बसविले. स्पर्शपटलाची कल्पना ई. ए. जॉन्सन यांनी इंग्लंडातील मॅल्व्हर्न येथे १९६५ साली मांडली, ती विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठी. या उसन्या साधनांतून रुग्णालयातील चौकशी-यंत्र घडले. तथापि दुकानातील माल उघडा असतो आणि बँकेतील खाते विचारणाऱ्याचे स्वतःचे असते. रुग्ण या दोहोंपैकी काहीच नाही. तो भिंतीआड आहे, आणि तो विचारणाऱ्याचा नसून स्वतःचा आहे.

यंत्राची गरज का भासली, याचे एक उत्तर हिशेबात सापडते. क्रेग झिमरिंग यांनी १९९० साली ६०४ खाटांच्या एका अमेरिकन रुग्णालयातील वाट चुकण्याचा खर्च काढला. तो वर्षाला २,२०,००० डॉलरहून अधिक भरला. आणि ज्यांचे ते कामच नव्हे अशा कर्मचाऱ्यांचे ४,५०० हून अधिक तास लोकांना वाट दाखविण्यात जात असल्याचे दिसून आले. व्यवस्थापकांना हा आकडा पुरेसा होता. भाषाभ्यासकाला मात्र त्या तासांत काय बोलले जाई, याचेच कुतूहल वाटते.

माणूस शोधावयाचा म्हणजे प्रथम नाव शोधावयाचे, आणि ऐकलेले नाव व लिहिलेले नाव यांत अंतर असते. या अंतरावरचा जुना उपाय म्हणजे रॉबर्ट रसेल व मार्गारेट ओडेल यांची ‘साउंडेक्स’ पद्धती. तिची एकस्वे १९१८ व १९२२ सालची आहेत. नावाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवावयाचे, पुढील स्वर गाळावयाचे आणि व्यंजनांना गटवार १ ते ६ यांपैकी एकेक अंक द्यावयाचा, असे करीत तीन अंक झाले की थांबावयाचे. ओष्ठ्यांचा एक गट, ट-द सारख्यांचा दुसरा, म आणि न यांचा तिसरा. आपल्या वर्णमालेतील वर्गांची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे. अमेरिकन जनगणनेच्या जुन्या कागदांची सूची १९३० नंतरच्या दशकात याच पद्धतीने झाली.

मराठी नावांवर ही पद्धती लावून पाहावी. ‘चौधरी’ रोमन लिपीत चार-पाच परींनी लिहितात. साउंडेक्समध्ये त्या साऱ्या परी एकाच संकेतात येतात, हे तिचे यश. परंतु ‘वाघ’ कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. पहिले अक्षरच बदलल्याने एकाच आडनावाची दोन घरे होतात. ‘गायकवाड’ रकारान्त लिहिले की संकेत निराळा. उलट ‘कदम’ आणि ‘खातून’ यांना संकेत मात्र एकच! उच्चारसाम्य पाहणारी पद्धती इंग्रजी कानाची आहे, हे विसरता येत नाही.

याहून मोठी अडचण कायद्यातून आली. अमेरिकेत १९९६ च्या हिपा कायद्याखाली गोपनीयतेचे नियम झाले व एप्रिल २००३ पासून ते रुग्णालयांना बंधनकारक ठरले. रुग्णाने हरकत घेतली नसेल तर त्याचे स्थान सांगता येते, पण जो नावाने विचारील त्यालाच. (धर्मोपदेशकांना मात्र नाव घेण्याची अट नाही.) म्हणजे नाव हीच किल्ली. यंत्राने साउंडेक्सच्या उदारपणाने जवळची दहा नावे पटलावर दाखविली, तर नऊ परक्या रुग्णांची बातमी फुटली. अचूक अक्षरांचाच आग्रह धरला, तर खरा आप्त दारातून परत गेला. चौकशीच्या टेबलाशी बसलेली व्यक्ती हा पेच उलटप्रश्नाने सोडवीत असे. ‘वय काय? केव्हा आणले?’ असे विचारताना ती स्वतः काहीच उघड करीत नसे.

यंत्राचे ‘नोंद सापडत नाही’ हे वाक्यही तपासण्याजोगे आहे. रुग्ण येथे नाही, अक्षरे चुकली, किंवा रुग्ण येथे आहे पण त्याने आपला ठावठिकाणा सांगू नये असे कळविले आहे, असे तीन अर्थ त्यात सामावतात, आणि तिसरा अर्थ लपविण्यासाठी ते संदिग्ध ठेवावेच लागते. मग ज्याची केवळ अक्षरे चुकली, त्याने पुन्हा प्रयत्न करावा हे त्याला कसे कळावे?

आपल्याकडे तर नाव घेणे हीच गोष्ट सरळ नाही. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची रीत अनेक घरांत होती; बहिणीला शोधणारा भाऊ माहेरचे नाव सांगणार आणि नोंदवहीत सासरचे असणार. काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयाच्या चौकशी-खिडकीशी मी रांगेत उभा असताना पुढे एक वृद्ध बाई होत्या. “आमच्या ह्यांना काल आणलंय,” एवढेच त्या पुनःपुन्हा सांगत होत्या. नाव विचारल्यावर त्यांनी पदर सावरून मान खाली घातली. कारकून पन्नाशीचा असावा. त्याने नावाचा हट्ट धरला नाही. “गाव कुठलं, मावशी? काय होतंय त्यांना? थोरल्या मुलाचं नाव काय?” मुलाचे नाव त्यांनी लगेच सांगितले. भरती करताना सही मुलाची होती. नोंदवहीत ती सापडली. कारकुनाने वॉर्डाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहिला, क्षणभर बाईंकडे पाहिले, आणि चिठ्ठी त्यांच्या हाती न देता शिपायाला हाक मारली.