सहा ठाण्यांची साक्ष

सरकारी कचेरीत ज्याने चार-पाच वर्षे तरी विवरणपत्रे जुळविण्यात घालविली आहेत, त्याला एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले आकडे सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. आणि ते तंतोतंत जुळले, तर अधिक जपून पाहावे. गेल्या वर्षी आमच्याकडे तीन दुय्यम कार्यालयांतून एकाच बाबीचा आकडा अगदी सारखा आला. वरिष्ठांना समाधान वाटले, मलाही वाटले. पुढे सहज कागद चाळताना ध्यानात आले, की तिघांनीही तो मागील वर्षाच्या एका परिपत्रकावरून उतरवून घेतला होता. साक्षीदार तीन होते, साक्ष मात्र एकच होती.

त्या दिवशी मला हिमालयाच्या मोजणीची आठवण झाली. देहरादूनला नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी माणसाला ती होणे साहजिक आहे. मसुरीजवळ हाथीपाव येथे जॉर्ज एव्हरेस्टचा बंगला अजून उभा आहे. रविवारी मुलाबाळांना घेऊन तेथे जाणारी आपली मंडळी दऱ्याखोऱ्यांची छायाचित्रे घेऊन परततात. पण ज्या मोजणीसाठी हा गृहस्थ तेथे राहिला, तिचा इतिहास म्हणजे अनेक ठिकाणांहून आलेल्या माहितीचा मेळ कसा घालावा, आणि तो घालताना माणूस कोठे फसतो, याचा उत्तम पाठ आहे.

या मोजणीचा आरंभ कर्नल विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून केला. त्याचे थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळाच्या गोपुरावर ते चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकले. तंजावरात तेव्हा आपल्या भोसल्यांचे, सरफोजीराजांचे राज्य होते. लॅम्बटनने स्वतःला कोंडून घेऊन कित्येक आठवडे खपून ते यंत्र पुन्हा नीट केले. तेथून त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत वऱ्हाडापर्यंत आली आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटनला मृत्यूने गाठले. त्याची कबर तेथेच आहे. वर्धा-नागपूरकडचे वाचक हिंगणघाट म्हटले की कापसाची बाजारपेठ आठवतात. ही कबर पाहिलेले थोडेच असतील. काम पुढे एव्हरेस्टकडे आले आणि १८४३ मध्ये तो निवृत्त झाल्यावर अँड्र्यू वॉकडे.

वॉच्या वेळी नेपाळात पाऊल टाकण्यास मोजणीदारांना परवानगी नव्हती. म्हणून १८४९-५० मध्ये जेम्स निकल्सन याने हिमालयाच्या पायथ्याकडील सपाट मुलखातून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, 'पंधरावे शिखर' असे क्रमांकाने ओळखले जाणारे एक टोक सहा ठाण्यांवरून वेधले. जिरोल, लदनिया, हरपूर, मिनाई अशी त्या ठाण्यांची साधी खेड्यांची नावे आहेत. इतक्या दुरून ते शिखर क्षितिजावर जेमतेम दोन अंश वर दिसते. वेध घेणे हे हिवतापाच्या प्रदेशातले कष्टाचे काम होते खरे; परंतु खरी कसोटी पुढे, कचेरीतल्या मेजावर होती.

सहा ठाण्यांनी सहा उंची दिल्या. सर्वांत कमी मिनाईची, २८,९९०.४ फूट, सर्वांत अधिक हरपूरची, २९,०२६.१ फूट. उरलेल्या चार या दोहोंच्या मध्ये होत्या. सहांची सरासरी निघाली २९,००२ फूट. सहा निरनिराळी ठाणी, शंभर मैलांवरचे शिखर, आणि थोरल्या-धाकट्या आकड्यांत अंतर अवघे ३६ फुटांचे! कोणत्याही हिशेबनिसाने या मेळावर खुशाल सही केली असती. १८५६ मध्ये वॉने तो आकडा प्रसिद्ध केला, शिखराला आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव दिले, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे शाळेतल्या भूगोलात मुलांनी २९,००२ हाच आकडा पाठ केला.

आता २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची पाहा: ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. सरासरी तीस फुटांनी कमी पडली, यात नवल नाही; त्या काळच्या साधनांचा विचार करता ती आश्चर्य वाटावे इतकी जवळ आहे. नवल दुसऱ्याच गोष्टीचे आहे. सहांपैकी एकही ठाणे या उंचीपर्यंत पोहोचलेले नाही. सहाच्या सहा एकाच बाजूला चुकले आहेत. चुका जर खरोखर स्वतंत्र असत्या, तर काही वर गेल्या असत्या, काही खाली, आणि सरासरीत त्या एकमेकींना खाऊन टाकत्या. सरासरीवर आपली जी श्रद्धा असते तिचा सारा आधार हाच. परंतु येथे सहाही साक्षीदार एकाच बाजूला, एकाच सपाटीवर, एकाच हवेतून पाहात होते.

दूरच्या वस्तूकडून येणारा प्रकाशकिरण हवेच्या थरांतून येताना वाकतो आणि वस्तू आहे त्याहून उंच भासते. शंभर मैलांवर या वक्रीभवनाची वजावट हजार फुटांहून अधिक भरते. ती किती धरावयाची, हे गणित करणाऱ्यास ठरवावे लागते. ती थोडी जास्त धरली गेली आणि सहाही उत्तरे एकदम खाली ओढली गेली. ठाणी सहाऐवजी साठ असती, तरी त्याच मुलखात उभे राहून हे दिसले नसते.

पुढची गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिडनी बरार्ड याने आणखी वेध जमेस धरून आणि वक्रीभवन सुधारून पुन्हा गणित केले. उत्तर आले २९,१४१ फूट. माहिती वाढली, एक चूक दुरुस्त झाली, आणि उत्तर पहिल्याहून अधिक बिघडले! कारण दुसरी एक चूक तशीच राहिली होती. डोंगरांच्या ओढीने तेथील समुद्रसपाटीची काल्पनिक पातळीच उंचावलेली असते. तिची वजावट झालेली नव्हती. पूर्वी या दोन चुका परस्परविरुद्ध दिशांना ओढत होत्या, म्हणून जुना आकडा सुदैवाने बरा आला होता. दोहोंचा विचार करून, नेपाळात पन्नास मैलांच्या आत उभारलेल्या बारा ठाण्यांवरून, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बी. एल. गुलाटी यांनी १९५४ साली २९,०२८ फूट ही उंची काढली. इतकी साक्षेपी कामगिरी आपल्या खात्यातल्या माणसाने केली, आणि तरी बाहेर तिचे नाव फारसे कोणी घेत नाही.

ही झाली मेळाने फसविल्याची गोष्ट. बेमेळाने उपकार केल्याचीही एक गोष्ट त्याच खात्यात, त्याच वर्षांत घडली. ती मला अधिक मोलाची वाटते.

मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना, या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचे अंतर एव्हरेस्टने दोन रीतींनी काढले होते. एक जमिनीवरची त्रिकोणांची मोजणी. दुसरी आकाशातील ताऱ्यांचे वेध. पहिलीने ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला दिल्या, दुसरीने ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला. फरक ५.२३६ विकलांचा. जमिनीवर तो पाचशे फुटांच्या आसपास भरतो, आणि तोही सुमारे ३७० मैलांत. एव्हरेस्टने तो मोजणीतल्या चुकांच्या पदरी घातला आणि जाळ्यात वाटून टाकला. कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर तफावत 'समायोजित' झाली. आपणही असेच करतो. महिनाअखेर असतो, वरून तगादा असतो.

पण कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हा धर्मोपदेशक केंब्रिजचा गणिती होता. त्याने विचारले, की तारे पाहताना यंत्र ज्या ओळंब्यावर सरळ केले जाते, तो ओळंबाच उत्तरेकडे हिमालयाने ओढला असेल तर? कलियाना डोंगरांना जवळ, कल्याणपूर दूर. म्हणून ओढ कमी-अधिक, आणि तफावत त्यामुळेच. प्रॅटने हिमालयाचे वस्तुमान अंदाजून गणित केले, तेव्हा फरक ५.२३६ नव्हे, १५.८८५ विकला यावयास हवा होता. तिपटीने अधिक! म्हणजे पर्वत दिसतो तेवढा ओढत नाही. हे १८५५ मध्ये छापले गेले आणि त्याच वर्षी इंग्लंडचा राजज्योतिषी एअरी याने कारण सुचविले: पर्वताखाली हलक्या खडकाची खोल मुळे असावीत, पाण्यात तरंगणाऱ्या बर्फाच्या डोंगरासारखी. प्रॅटने पुढे निराळी उपपत्ती मांडली. भूकवच आपला भार तोलून धरते, हा भूशास्त्रातला मोठा सिद्धांत या पाच विकलांतून उगवला. कोणी ती दोन उत्तरे मिळवून दोनाने भागली असती, तर काय राहिले असते?

या हिशेबांमागची माणसे कोण होती, तेही सांगितले पाहिजे. त्या खात्यात 'कॉम्प्युटर' हे यंत्राचे नाव नव्हते. ते पगारी गणकाच्या जागेचे नाव होते. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेले राधानाथ सिकदार हे १८३१ मध्ये या कामावर लागले आणि पुढे मुख्य गणक झाले. त्यांनी साहेबाच्या खोलीत धावत जाऊन जगातले सर्वांत उंच शिखर सापडल्याचे सांगितले, ही कथा सर्वत्र ऐकू येते. मला ती पटत नाही. १८५० मधले वेध १८५६ मध्ये प्रसिद्ध होतात. एवढी वर्षे जे काम तपासले जात होते ते एका आरोळीत संपत नाही. परंतु कथा खोटी असली, तरी मेहनत खरी आहे. १८५१ मधल्या सर्वेक्षणाच्या अधिकृत पुस्तकात सिकदारांच्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख होता. १८७० मध्ये ते वारले आणि १८७५ च्या आवृत्तीतून तो गळला. त्याबद्दल 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजी पत्रानेच निषेध केला. २००४ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. मसुद्यावर सही कोणाची होते हे पाहात ज्याचे दिवस जातात, त्याला हे वाचून थोडे वाईट वाटल्यावाचून राहात नाही.

आता गणकाची जागा संगणकाने घेतली आहे. अनेक साक्षींचा मेळ घालण्याचे काम तो क्षणात करतो, आणि ज्या साक्षीवर विश्वास अधिक तिला वजन अधिक, या तत्त्वाने करतो. लघुतम वर्गांची रीत लजांद्र व गाउस यांनी दोनशे वर्षांपूर्वी दिली. १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मन याने जुना अंदाज व नवा वेध क्षणोक्षणी सांधण्याची रीत दिली आणि चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांत ती वापरली गेली. तरीही कोणाला किती वजन द्यावयाचे, हे मुळात माणसानेच ठरवावयाचे असते. मे २०१९ मध्ये नेपाळी मोजणीदारांनी शिखरावर उपग्रहांचे संदेश टिपणारे यंत्र नेले, तेव्हा त्या यंत्रापुढे निकल्सनचीच अडचण होती: सर्व उपग्रहांचे संदेश त्याच वातावरणातून येतात, म्हणून सर्वांना एकाच प्रकारचा उशीर लागतो. उपग्रह कितीही वाढविले तरी तो फिटत नाही. उपाय असा केलेला आहे, की प्रत्येक उपग्रह दोन निरनिराळ्या कंप्रतांवर संदेश पाठवितो. वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांत दोहोंना सारखा उशीर होत नाही. त्या दोन संदेशांत जी तफावत पडते, तिच्यावरूनच उशीर मोजता येतो. शिवाय पातळीची मोजणी, गुरुत्वाकर्षणाची मोजणी आणि जुनी त्रिकोणांची रीत, ही सर्व जोडीला होतीच.

तरी आधी एक प्रश्न सुटावा लागला. २००५ साली चीनने ८,८४४.४३ मीटर हा आकडा दिला होता आणि नेपाळ ८,८४८ वर ठाम होता. यात चूक कोणाचीच नव्हती. एकाने खडकाचा माथा मोजला, दुसऱ्याने त्यावरील बर्फासकट.

माझ्या त्या तीन कार्यालयांना मी आता आकडा पुन्हा विचारलेला नाही. तो कोठून घेतला, एवढेच विचारले आहे. दोन उत्तरे आली. तिसऱ्याला स्मरणपत्र धाडले आहे.