एड्सची बातमी : नाव झाका, माहिती उघडा



विहाराच्या स्मरणिकेत एड्सचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्यापैकी पुष्कळांना या बिमारीची ओळख डॉक्टरने नाही, पेपरने करून दिली. म्हणून पेपरने काय सांगितलं आणि काय गाळलं, हा इतिहास आपण तपासला पाहिजे.

१९८६ साली मद्रासला डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी रक्त तपासून भारतात एचआयव्हीची लागण असल्याचे दाखवून दिले. सोलोमनबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला राहणाऱ्या मराठी घरातल्या. परदेशचा रोग आपल्या दारात आला होता. पण माहिती पोचण्याआधी भीती पोचली.

त्या भीतीचा बळी गोव्याचा तरुण डॉमनिक डिसोझा. तो रक्तदान करणारा माणूस. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकटं डांबून ठेवलं. गुन्हा कोणता? काहीच नाही! तेव्हाचा गोव्याचा कायदाच तसा होता. त्याची आई कोर्टात गेली. त्याचं नाव देशभर पेपरात गाजलं. पुढे त्यानेच रोग्यांसाठी संस्था उभारली आणि १९९२ मध्ये तो वारला. एचआयव्ही शिवल्याने, एकत्र जेवल्याने पसरत नाही, हे डॉक्टरांना तेव्हाही ठाऊक होतं. मग कोंडून ठेवलं ते कशापायी?

गुप्तरोगाविषयी छापणे म्हणजे अश्लील, ही समजूत फार जुनी. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू कोणी मांडली? बॅरिस्टर आंबेडकरांनी! लोक विचारतात तर उत्तर दिलंच पाहिजे, विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मुद्दा मात्र हरला नाही. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. त्यांना मानणाऱ्या वस्तीने या विषयाला लाजावं काय?

आता आपल्या जिल्ह्याचं पाहा. भंडारा, लाखनी, साकोलीवरून मुंबई-कलकत्ता महामार्ग जातो. ट्रकवाले थांबतात, आपली पोरं कामासाठी बाहेरगावी जातात. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाच्या रॅलीचा फोटो पेपरात येतो, पाहुण्यांची नावं येतात. पण तपासणी कुठे होते, गोळ्या कुठे मिळतात, हे त्यात असते काय? उलट कधी 'अमुक गावचा, इतक्या वर्षांचा ड्रायव्हर' असं छापलं, की नाव न देताही सारं गाव त्याचं घर ओळखतं. मग लेकरांशी कोणी खेळत नाही, विधवेला पाणी भरू देत नाहीत. मोठ्या शहरात नाव गाळलं की माणूस वाचतो. खेड्यात तेवढ्याने वाचत नाही.

२००४ पासून सरकार एआरटीच्या गोळ्या फुकट देते. त्या नेमाने घेऊन रक्तातले विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. गरोदर बाईला वेळेवर औषध दिलं, तर मूल बहुधा निरोगी जन्मते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे विश्वासाने कळलेली अशी माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही, आणि एचआयव्हीबाधितांविरुद्ध द्वेष पसरवणारं छापलं तर शिक्षा आहे.

म्हणून वाचनालयात पेपर वाचताना दोन प्रश्न विचारा. या बातमीने कोणाचं घर ओळखू येतं काय? आणि कोणाला दवाखान्याची वाट सापडते काय? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल, तर संपादकाला सह्यांचं पत्र लिहा. दुसऱ्याचं 'हो' असेल, तर ते कात्रण विहाराच्या फलकावर लावा आणि खाली फुकट हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा : १०९७.

जयभीम, नमो बुद्धाय.