अलीपूरचे कासव

कलकत्त्यास आलेल्या मराठी कुटुंबाची हिवाळ्यातील पहिली सहल अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात, हे येथील जुन्या मंडळींस सांगावयास नको. १८७६ साली ते सर्वांस खुले झाले. रामब्रह्म सान्याल अधीक्षक असताना, १८८९ मध्ये, येथे सुमात्री गेंड्याचे पिल्लू जन्मले. त्यानंतर २००१ पर्यंत बंदिवासातच गर्भ राहून असे पिल्लू जन्मून जगले नाही. मुलांचा ओढा मात्र ‘अद्वैत’ कासवाकडे. ते क्लाइव्हचे, असे सांगत. खरेखोटे कोण पाहतो! मुले ‘कोच्छोप’ म्हणत. आई त्यांच्याकडून ‘कासव’ वदवून घेई आणि मगच पोळीभाजीचा डबा उघडे. मार्च २००६ मध्ये अद्वैत निवर्तले. त्या दिवशी आमचा नातू, कोणी न सांगता, म्हणाला, “आजी, आपलं कासव गेलं.”