झणझणणारा स्वर : दोष कोणाचा?

लग्नसराईत भिवंडीच्या रस्त्यावरून वरात निघाली, की यंत्रमागांच्या खडखडाटावर मात करीत ब्रास बँड वाजू लागतो. त्या ताफ्यात नळी पुढेमागे सरकवून वाजवले जाणारे लांबलचक वाद्य म्हणजे ट्रॉम्बोन. या वाद्याविषयी एक जुनी तक्रार आहे. सारे स्वर स्वच्छ निघतात, परंतु एखाद्या ठराविक स्वरालाच पितळ झणझणते, अथवा तो एकटाच स्वर अकारण फुगून घुमत राहतो. ऐकणारे चटकन निर्णय देऊन मोकळे होतात : वाजवणाऱ्याची फुंकच कच्ची! बिदागीवर ज्याचे पोट आहे त्याला हा ठपका परवडत नाही. हा दोष खरोखर कोणाचा, याचा शोध माणसाने कसकसा घेतला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

ट्रॉम्बोनचा जन्म पंधराव्या शतकातला. इटालियन भाषेत ‘ट्रोंबा’ म्हणजे ट्रम्पेट. ‘ट्रॉम्बोन’ म्हणजे मोठी ट्रम्पेट. जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी या वाद्याच्या घडणीत मोठे नाव मिळवले. तेथील एरास्मुस श्निट्झर याने १५५१ मध्ये घडवलेला ट्रॉम्बोन आजही जपून ठेवलेला आहे. सरकत्या नळीमुळे हे वाद्य मानवी कंठाच्या मागोमाग हवे तसे जाऊ शकते. साहजिकच चर्चच्या गायकवृंदाला त्याची साथ लाभली. व्हेनिसच्या संत मार्क महामंदिरातील संगीतकार जोव्हान्नी गाब्रिएली याने १५९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका रचनेत तर सहा ट्रॉम्बोन योजले आहेत. त्या विस्तीर्ण दगडी वास्तूत स्वर रेंगाळत असे आणि ते रेंगाळणे सर्वांना हवेसे वाटे. घुमणे स्वभावतः वाईट नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे.

पितळेच्या वाद्यापूर्वी घुमण्याचे मर्म उलगडले ते घंटेने. घंटेच्या एकाच टोल्यात अनेक स्वर दडलेले असतात. सतराव्या शतकात हॉलंडमधील उट्रेख्ट येथे याकोब फान आइक नावाचा अंध वादक होता. घंटेतील एखाद्या स्वराशी जुळणारी शीळ तिच्याजवळ घातली, तर स्पर्शावाचून घंटा नेमका तोच स्वर परत देते, हे त्याने दाखवून दिले. या ज्ञानाच्या आधारे हेमोनी बंधूंनी १६४४ मध्ये झुटफेन या गावासाठी सुरात जुळवलेल्या घंटांचा संच सिद्ध केला. घंटेच्या आतून धातू कातून त्यांनी तिचे स्वर जागेवर आणले. आपल्याकडेही घंटांचा इतिहास मोठा आहे. भिवंडीहून खाडीने खाली गेले की वसई लागते. १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा दूरदूरच्या देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, वाईजवळील मेणवली येथे त्या आजही पाहावयास मिळतात. देऊळ बदलले, भाविक बदलले. धातूचा स्वर मात्र ओतकामाच्या वेळी ठरला तोच राहिला.

प्रत्येक वस्तूला तिचा असा एक नैसर्गिक स्वर असतो आणि बाहेरून तोच स्वर आला, की ती वस्तू थरारून उठते. यालाच अनुनाद म्हणतात. हा अनुनाद वादकाला कसा छळतो, याचा एक उत्कृष्ट अभ्यास आपल्याच देशात झाला. चेलो या तंतुवाद्यात एखादा स्वर गुरगुरू लागतो; पाश्चात्त्य वादक त्याला ‘लांडगा’ म्हणतात. कलकत्त्यात सरकारी अर्थखात्यात नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१६ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केले. तारेचा स्वर आणि वाद्याच्या लाकडी अंगाचा स्वर एक झाले, की तारेची शक्ती ते अंग ओढून घेते आणि नाद ठराविक अंतराने चढू-उतरू लागतो. वादकाचा हात कितीही तयार असला, तरी लाकडाचा हा धर्म टळत नाही.

ट्रॉम्बोनमध्ये गुन्हेगार बहुधा लहानसा असतो. दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या आधाराचा डाख सुटलेला असतो. कर्ण्याच्या दुमडलेल्या कडेत बसवलेली तार सैल झालेली असते. पाणी काढण्याच्या चावीची स्प्रिंग ढिली असते. कधी एखादा स्क्रू फिरलेला असतो. त्या सैल भागाचा स्वर वाजला तरच तो बोलतो, एरवी गप्प असतो. वादक तो स्वर धरून ठेवत असता दुसऱ्याने एकेक भाग बोटाने दाबून पाहावा. झणझण थांबली की चोर सापडला. वाद्य निर्दोष ठरले, तर शेजारच्या साइड ड्रमखालच्या तारांकडे पाहावे. ट्रॉम्बोनच्या हाकेला त्याही ओ देतात.

आणि तरीही स्वर फुगत असेल, तर खोली मोजावी. आपल्याकडील उन्हाळ्यात, ३० अंश तापमानाला, ध्वनी सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असेल, तर त्या खोलीचे स्वर सेकंदाला सुमारे ५८, ११६ आणि १७४ कंपनांचे येतात. नळी पूर्ण आत घेतलेल्या नेहमीच्या ट्रॉम्बोनचे मूळ स्वरही जवळजवळ हेच! तीन मीटर म्हणजे आपली दहा फुटी खोली. यंत्रमागांच्या या शहरात कित्येक कुटुंबांचा सारा संसार तेवढ्याच जागेत मांडलेला असतो. अशा खोलीत रियाझ करणाऱ्या मुलाचे नेमके पायाचे स्वर भिंती फुगवून परत करतात. तो बिचारा त्या स्वरांची फुंक आवरू लागतो आणि उघड्या रस्त्यावर तेच स्वर दुबळे पडतात. ही त्याची सवय नव्हे, घराच्या मापाने त्याला लावलेले वळण होय. भिंतीपासून दूर, कोपरा टाळून, दार उघडे ठेवून वाजवावे. शक्य तर मैदानात जावे.

मिरजेच्या तंतकारांनी घडवलेल्या तंबोऱ्यात हीच झणझण जवारी लावून मुद्दाम साधली जाते आणि तिच्यावाचून गाणे उभे राहत नाही. एकाच निसर्गनियमाला तेथे गुण म्हणतात, येथे दोष. म्हणून आमचे सांगणे इतकेच की, स्वर बिघडला असता आधी डाख तपासावा, भिंती मोजाव्यात. माणसाला बोल लावण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी.