चेहराच होणार नावाची पाटी

मुंबईच्या लोकलमध्ये समोरच्या बाकावरचा प्रवासी रोज दिसतो. पण त्याचे नाव, गाव, व्यवसाय यांपैकी काहीच ठाऊक नसते. अनोळखी राहण्याची ही मुभा म्हणजे शहरी जीवनाची मोठी देणगी. चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली आणि ऑगमेंटेड रिअॅलिटी ही दोन तंत्रे एकत्र आल्याने तीच मुभा आता धोक्यात आली आहे.

ही तंत्रे मुळात वेगवेगळी आहेत. पहिल्यात संगणक छायाचित्रातील चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या मालिकेत करतो आणि ती आधी साठवलेल्या मालिकांशी ताडून पाहतो. दुसरे तंत्र, म्हणजेच संवर्धित वास्तव, डोळ्यांसमोरच्या दृश्यावर चित्र किंवा मजकूर चढवते. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालण्याचे असे उपकरण दाखवले होते. सर्वसामान्यांना मात्र त्याची ओळख २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' या खेळाने करून दिली.

दोन्हींच्या संगमातून काय घडू शकते, हे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे अलेस्सांद्रो अक्विस्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्येच दाखवून दिले. त्यांनी विद्यापीठाच्या आवारात स्वयंसेवक विद्यार्थ्यांची छायाचित्रे टिपली. विद्यार्थी प्रश्नावली भरत असतानाच संगणक ती फेसबुकवरील छायाचित्रांशी ताडत होता. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांची ओळख पटली. त्यानंतर समोरच्या व्यक्तीची माहिती मोबाइलच्या पडद्यावर दाखवणारे ॲपही प्रात्यक्षिकापुरते तयार झाले.

या धोक्याची जाणीव उद्योगालाही होती. गूगलने २०१३ मध्ये 'ग्लास' या चष्म्यावर चेहरा ओळखणाऱ्या ॲपना परवानगी नाकारली. फेसबुकने २०२१ मध्ये एक अब्जाहून अधिक लोकांचे चेहऱ्याचे साचे पुसून टाकण्याची घोषणा केली. तरीही २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारात मिळणारा कॅमेऱ्याचा चष्मा, चेहऱ्यावरून शोध घेणारे संकेतस्थळ आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची सांगड घातली. अनोळखी माणसाकडे पाहून त्याचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक शोधता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. लोकांना सावध करणे हाच हेतू असल्याने प्रणाली त्यांनी खुली केली नाही. कोणतेही नवे यंत्र न शोधता केवळ उपलब्ध साधने जोडून हे साधले, ही यातील खरी धोक्याची घंटा.

या तंत्राचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. समोर कोण उभे आहे, हे दृष्टिहीनांना कळावे यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये आणलेल्या 'सीइंग एआय'मध्ये ओळखीचे चेहरे सांगण्याची सोय दिली. भारतात डिसेंबर २०२२ पासून 'डिजी यात्रा'मुळे चेहरा दाखवून विमानतळावर प्रवेश मिळू लागला. तेथे प्रवासी स्वतः नोंदणी करतो. चष्मा घातलेला अनोळखी माणूस मात्र कोणाची संमती विचारणार नाही.

शिवाय यंत्र चुकते. अमेरिकेतील 'निस्ट' या मानक संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार, अनेक प्रणालींमध्ये आशियाई व कृष्णवर्णीय चेहऱ्यांबाबत चुकीच्या जुळणीचे प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट आढळले. डेट्रॉइट पोलिसांनी २०२० साली रॉबर्ट विल्यम्स यांना अशाच चुकीच्या जुळणीमुळे अटक केली. पोलिसांची चूक पुढे न्यायालयात तरी मांडता येते. शेजाऱ्याच्या चष्म्याने चुकीचे नाव दाखवले, तर दाद कोणाकडे मागायची?

युरोपीय संघाने इंटरनेटवरून सरसकट चेहरे गोळा करून त्यांचा साठा करण्यास फेब्रुवारी २०२५ पासून मनाई केली आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती वगळण्यात आली आहे. हौसेने सर्वांसाठी खुले ठेवलेले लग्नाचे वा सहलीचे छायाचित्र त्यात मोडू शकते.

संकेतशब्द चोरीला गेला तर बदलता येतो; चेहरा जन्मभर तोच राहतो. म्हणूनच तो कोणाच्या साठ्यात जावा, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा चेहरा त्याच्याच हाती राहायला हवा.